पेटीवरचं कुंकू

आई,

तुम्ही झोपलाय, म्हणून उठवत नाही. मी कल्याणहून भोपाळची गाडी पकडतेय, नॅशनल शूटिंगला! रायफल रिकामी करून पेटीत कुलूपबंद केलीय, काडतुसं वेगळ्या बॅगेत आहेत आणि सगळ्या राज्यांत चालणारं लायसन्स पर्समध्ये. अजिबात काळजी करू नका. विनीतचा डबा ओट्यावर भरून ठेवलाय.

दसऱ्याला तुम्ही त्याच्या ड्रिल मशीनला, अगदी विळीलासुद्धा हळदकुंकू लावलंत, माझी रायफल तेवढी सोडलीत. आणि आत्ता पेटी उचलते तर झाकणावर ओलं कुंकू! झोपेत लावलंत का हो? तसंच घेऊन निघालेय.

वाटेत पोलिसांनी परवानगी विचारली तर लायसन्स दाखवेन. घरची परवानगी कोणी विचारली, तर झाकण दाखवेन.

तुमची सून,
सोनल