डाव्या टाचेसमोरचा चेंडू

मी, खाली सही करणारा, वय चोवीस, शिक्षण नववीपर्यंत, काम गोल्फच्या मैदानावर स्टिका दुरुस्त करणे, आज पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवत आहे. उद्या सकाळी माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. सकाळपासून तीनदा कागद बदलला, तो खाडाखोड नको म्हणून.

१. बँकेतली शिल्लक व पत्र्याचे कपाट आईला. कपाटाचे दार जरा वर उचलून ओढावे, नाहीतर बिजागरी निखळते. हे तिला माहीत आहे, तरी लिहितो.

२. माझी सर्व हत्यारे दुकानातल्या जोडीदाराला, ज्याला सगळे 'घाई' म्हणतात. अट एकच: स्टिकेची मूठ चिकटवल्यावर ती नीट सुकू द्यावी. "चालतंय रे" म्हणून गिऱ्हाइकाच्या हातात देऊ नये.

३. माझी ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब स्टिक, धाकट्या बहिणीला. रविवारी तिची निवड स्पर्धा आहे. ड्रायव्हरने मारताना डावे पाऊल सरळ ठेवावे व चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या कडेसमोर असावा. स्टिक आखूड होईल तसा तो दोन पावलांच्या मध्याकडे आणावा.

४. मामांना काही नाही. बहिणीला खेळ त्यांनीच शिकवला, हे मान्य. पण "टाचेबिचेचं खूळ सोड, चेंडू डाव्या पायाच्या अंगठ्याच्या चार बोटं मागे, उजव्या पायाकडे ठेव," असे ते तिला सांगत आले व त्यावरून माझ्याशी बोलणे टाकले. हल्ली तिचा चेंडू उजवीकडे भरकटतो. अशाने निवड होणार नाही. ज्याला काही मिळत नाही तो साक्षीदार चालतो, असे वकिलांचा कारकून म्हणाला. म्हणून मामांना बोलावले आहे.

५. मामा आले. त्यांनी कलम चार वाचले. "शहाण्या, जाता जाता पण भांडतोस?" म्हणाले, आणि चपला काढून फरशीच्या रेषेवर उभे राहिले. औषधाच्या बाटलीचे झाकण चेंडू म्हणून ठेवले. "हे बघ. अंगठ्याच्या मागे चार बोटं."

त्यांचे डावे पाऊल नेहमीसारखे बाहेर वळलेले. मी खाटेवरून उतरून रेघा आखायची पट्टी त्यांच्या टाचेला टेकवली. झाकण टाचेच्या आतल्या कडेसमोरच होते. पाऊल वळले की अंगठा पुढे, चेंडू मारायच्या दिशेला जातो, टाच जागची हलत नाही. आम्ही एकच जागा सांगत होतो.

"मग हिचा उजवीकडे का जातो?" मामांनी विचारले.

धाकटी दाराशी उभी होती. "तुमच्यामुळे! पाऊल दादाचं सरळ, चेंडू मामांचा चार बोटं मागे. एकाचं ऐकलं की दुसरा रुसतो. दोघांचं अर्धं अर्धं ऐकते." सरळ पावलाच्या अंगठ्यापासून चार बोटे म्हणजे चेंडू टाचेच्याही मागे जायचा, म्हणून उजवीकडे भरकटायचा.

मामा खाटेच्या कडेवर बसले. नर्सबाई ओरडल्या, "पेशंट खाली आणि पाहुणे खाटेवर? चला, वर व्हा!"

६. कलम चार रद्द. रविवारी खेळताना बहिणीची स्टिकांची बॅग मी उचलणार होतो, तो मान मामांना देतो. अट: ती चेंडू ठेवत असताना त्यांनी तोंड उघडू नये. मी उद्या वाचलो तर हीच अट मलाही लागू. वाचलेल्या माणसाला मृत्युपत्र लागू होत नाही, असे कारकून म्हणाला. आमच्या घरात लागू होईल.

७. मामांना आता मान मिळाल्यामुळे साक्षीदार म्हणून त्यांचे नाव खोडले आहे. खाडाखोड माझीच आहे.

८. हे लिहीत असताना धाकटीने झाकण उचलले, पाय लावले आणि ते स्वतःच्या मनाने ठेवले. वर पाहून म्हणाली, "बरोबर?"

मामांनी माझ्याकडे पाहिले, मी मामांकडे. दोघेही बोललो नाही. तिने झाकण जरासे पुढे सरकवले व पुन्हा विचारले नाही.

सही: लिहून ठेवणार

साक्षीदार: शेजारच्या खाटेवरचे शिंपीकाका (चष्म्याशिवाय सही, पण सगळे ऐकले आहे)

साक्षीदार: ड्युटीवरच्या नर्सबाई (पेशंट वर झोपल्यावरच सही केली)

ठिकाण: पुरुष वॉर्ड, खिडकीजवळची खाट

दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी