मास्तरांच्या कवितांत गुंतलेला टाइप

सोलापूर,
ता. ११ फेब्रुवारी १९३४

प्रिय हिंदुराव,

नऊ वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. लग्नसराई तोंडावर आलीय आणि माझ्या छापखान्यात पुरेसा टाइप शिल्लक नाही, म्हणून लिहितो. काल एक शेटजी पत्रिका छापायला आले, त्यांना हात जोडून परत पाठवलं. इलाहीबक्षनं गिऱ्हाईक परत पाठवलं, असं तुला कुर्डुवाडीच्या फलाटावर कुणी सांगितलं असतं तर तू त्याला वेड्यात काढलं असतंस. टाइप कुठं गुंतलाय ते सांगतो, पण जरा लांबून.

कुंडलिक मास्तर अंथरुणाला खिळलेत. छातीचं दुखणं आहे. डॉक्टर अलीकडं त्यांच्या बायकोशी, शिवबाईंशी, फार गोड बोलायला लागलाय, त्यावरनं मी काय ते ओळखलं. मास्तरांची जीभ मात्र शाबूत. परवा मला म्हणाले, "इलाही, भेटायला येणारे माझ्याबद्दल इतकं चांगलं बोलत्यात, की मला वाटतं मी गेलोय आणि हिनं मला सांगितलंच न्हाई."

दुधनीच्या शाळेत पोरांना कानडीतनं मराठी शिकवणारा हा माणूस सोलापुरात येऊन कवितेचं मासिक काढतो, तेव्हा मी दुसऱ्याच्या छापखान्यात कागद कापत होतो. 'चाळण' हे नाव त्यांचंच, आणि चेष्टेच्या मागल्या पानाचं 'कोंडा' हेही. लोक आधी कोंडा वाचायचे, कविता मग सवडीनं. रविवारची बैठक तुला आठवत असेल. आलेल्या कवितेखालचं नाव झाकायचं, कुणीतरी मोठ्यानं वाचायचं आणि मास्तरांनी डोळे मिटून ठरवायचं, छापायची की कोंड्यात टाकायची. नाव कळलं की कान बिघडतो, म्हणायचे. ओळखीच्या माणसालाही त्यात सूट नव्हती.

तसाच तो भोंग्याचा कागद आला. मिलचा पहाटेचा भोंगा झाला आणि तू गेलीस, असं काहीसं. खाली टोपणनाव, तेही झाकलेलं. मास्तरांनी कोंड्यात लिहिलं, 'कवीला विरह झालेला नाही, त्याला मिलच्या पाळीला उशीर झाला आहे.' अंक निघाला त्या दिवशी चहाच्या दुकानात सगळे हसले. तू सगळ्यांत मोठ्यानं हसलास आणि सगळ्यांच्या नंतर थांबलास. कागद कुणाचा होता ते मला तेव्हा कळलं. विजयमालावहिनींना जाऊन वर्षही झालं नव्हतं. पुढं तू कुर्डुवाडी स्टेशनावर बदली मागून घेतलीस, आणि तुझी कविता तर तिथंच संपली, असं ऐकतो.

मास्तरांना मीच सांगितलं. ते तसेच उठले. अनवाणीच घरी गेले, पायताण छापखान्यात राहिलं. पुढच्या अंकापासून कोंड्यात दुसऱ्या कुणाची ओळ आली नाही. स्वतःचं टक्कल, स्वतःचं घोरणं, शिवबाईंनी केलेली फजिती, एवढंच. वाचक म्हणाले, मास्तर आता जास्तच खुललेत. तू अंक घेणं सोडलंस, तुला हे ठाऊक नसणार.

आता टाइपाचं. दिवाळीपासून मी संध्याकाळी त्यांच्याकडं जाऊन बसतो. एकदा त्यांनी एक कविता म्हटली. कुणाची, विचारलं, तर "हाय एकाची." दुसऱ्या दिवशी आणखी एक. तिसरीत दुधनीचं रान आलं आणि मी ओळखलं. जन्मभर लोकांच्या छापल्या, स्वतःची एक नाही. कागदावरही उतरवल्या नव्हत्या. मी ऐकून यायचो आणि सकाळी दुसरं काही हातात घेण्याआधी तेवढी टाइपात जुळवायचो. आज तीसेक कविता दोऱ्यानं बांधून फळीवर उभ्या आहेत, माझी निम्मी अक्षरं अडवून.

छापू का म्हटलं तर चिडले. शिवबाई म्हणाल्या, "छापू द्या की, लई ग्वाड हायत." "तू गप. नवऱ्याच्या हायत म्हणून तुला ग्वाड लागत्यात." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "हिंदुराव निवडील तेवढ्या छाप. बाकीचे सगळे माझ्या अंथरुणाकडं बघून चांगलं म्हणतील. त्यानं एक बी ठेवली न्हाई, तर सगळा टाइप मोकळा कर आणि पत्रिका छाप." तुला बोलावू का, विचारलं. "नको. तो यायचा न्हाई," म्हणाले आणि भिंतीकडं तोंड केलं.

त्यांनी नको म्हटलं तरी मी लिहितोय. या कविता टपालानं पाठवण्यासारख्या नाहीत, त्यांच्या तोंडून ऐकायच्या आहेत, आणि त्यांचा आवाज दिवसेंदिवस उतरतोय. तू सगळ्या नापास केल्यास तरी माझी तक्रार नाही, पत्रिकांची गिऱ्हाइकं दारात उभीच आहेत. पण निकाल समोर बसून दे. काल दुपारी त्यांनी शिवबाईंना विचारलं, कुर्डुवाडीकडची गाडी किती वाजता येते. "का वो, कोन येनार हाय?" "कोन न्हाई. सहज." आणि थोड्या वेळानं म्हणाले, न्हाव्याला बोलव, दाढी लई वाढलीय.

तुझाच,
इलाहीबक्ष