नामाच्या रक्तात काय निघालं

२ जानेवारी १९९४
या वर्षी पीएच.डी. संकल्प नव्हे, वस्तुस्थिती लिहितोय. रजिस्ट्रेशनची मुदत एप्रिलात संपते. त्याआधी मी प्रबंध संपवणार. पॉवरलूमवरची कापसाची धूळ कामगाराच्या छातीत गेली की पेशींच्या आत निरोप फिरतात, म्हणजे प्रोटीनमधल्या टायरोसिनवर फॉस्फेट बसतो. तो फॉस्फेट हुडकून त्याला चिकटणारी अँटिबॉडी वर्गमित्राने अमेरिकेहून आणली. कुपी एकच. मला एकच पुरे.

१९ जानेवारी
रक्त घ्यायला नर्सला घेऊन कामतघरच्या लूम कारखान्यात. नामा नावाचा कामगार लूमवर खोकत उभा होता. आधी स्वतःचा दंड पुढे केला, मग शिफ्टमधल्या बाकीच्यांना ओढून आणलं. म्हणाला, साहेब, खोकला धुळीचा का विडीचा, रक्तात कळंल ना? शेठ म्हणतो विडीचा. धुळीचा निघाला तर गेटवर ड्युटी देतो म्हणालाय. मी म्हटलं, लेखी देतो.

२ फेब्रुवारी
सगळ्यांच्या पेशींमधली प्रोटीनं कागदासारख्या मेम्ब्रेनवर उतरवली, प्रत्येकाची पट्टी वेगळी. मधल्या मोकळ्या जागा दुधाने बुजवायच्या, नाहीतर अँटिबॉडी कुठेही चिकटते. आमच्या कॉलेजच्या शकिला मॅडम (रसायनशास्त्र, वाचन नको इतकं) म्हणाल्या, सर, या अँटिबॉडीला दूध नका वापरू, दुधातल्या प्रोटीनवरच फॉस्फेट असतात. माझ्या कपाटात अल्ब्युमिन आहे, घेऊन जा. बाई चांगल्या आहेत, पण उपकार कोण घेणार? खारबावहून मेव्हण्याच्या म्हशीचं दूध आणवलं. बायको, कमळ, म्हणाली, आम्हाला काळा चहा आणि तुमच्या कागदाला दुधाची आंघोळ.

३ फेब्रुवारी
दिवसभर लाइट नाही, फ्रिज बंद. कुपी कोळणीकडच्या बर्फात ठेवली, बोंबलांशेजारी. विज्ञानाला वासाचं वावडं नसतं.

५ फेब्रुवारी
यश. जिथे अँटिबॉडी चिकटते तिथे जांभळा रंग येतो. नामा जांभळा. सगळे जांभळे. तुलनेसाठी कडेची पट्टी रिकामी ठेवली होती, रक्ताचा थेंब नाही, तीही जांभळी. परिणाम इतका जबरदस्त, की रक्त नसतानाही दिसतो. हे जगात कुणी नोंदवलं नसावं.
कुपी संपली. आता गरजही नाही.
नामाला सही करून कागद दिला: खोकला धुळीचा. त्याने तो टोपीत ठेवला.

११ फेब्रुवारी
मुंबईला गाइड सरांकडे. त्यांनी मेम्ब्रेन खिडकीशी धरली, रिकाम्या पट्टीवर बोट ठेवलं आणि विचारलं, हा पेशंट कोण? मी वहीत शोधू लागलो. मग म्हणाले, अहो, तुम्ही दूध मोजलंत. नवी कुपी एप्रिलच्या आत येणार नाही, हे त्यांनी चहा सांगता सांगता सांगितलं.
शकिला मॅडमचं नाव मी काढलं नाही. शास्त्रज्ञाने मन मोठं ठेवावं.

१२ फेब्रुवारी
कागद परत घ्यायला कामतघरला. नामा लूमवरच. शेठने कॉलेजचा शिक्का मागितलाय, म्हणाला. साहेब, शिक्का घेऊनच आलात ना? मी म्हटलं, तो कागद दे आधी, चूक झाली.
मग रक्तात निघालं तरी काय, त्याने विचारलं.
दूध, मी म्हटलं.
तो हसला, त्यातच उबळ आली. सावरल्यावर म्हणाला, काय साहेब, चहात पण न्हाय मिळत. टोपीतून कागद काढला, नीट घडी घालून माझ्या हातात दिला, आणि तुटलेला धागा जोडायला वाकला.
घरी कमळने आज दूध घालून चहा दिला. समोर ठेवून बसलो. साय धरली.