शिमारांवची किटली

सेर्ताओझिन्यो,
९ फेब्रुवारी १९८१

चि. दाल्वास,
ओनोफ्रेदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे गुडघे कसे आहेत? सासूबाईंचा खोकला? गाय दूध देते का, की तीही तुझ्यासारखीच हट्टाला पेटलीय? आणि तुझी पंधरा वर्षांची फुस्का गाडी? इकडे तुझ्या इराचीवहिनीची दाढ काढली, त्यामुळे घर दोन दिवस शांत होतं. ऊस तरारलाय.

गाडी पेट्रोलऐवजी उसाच्या आल्कोहोलवर चालवायचीच, असं तू लिहिलंस. मी आधी हसलो. पुढचं वाचलं आणि हसू विरलं. गेल्या हिवाळ्यात रविवारी नेउझा बाळंतपणात अडली, सुईण तू, पण तुझी टाकी कोरडी, पेट्रोलपंपाला सरकारी हुकमाने शुक्रवार रात्रीपासून सोमवारपर्यंत कुलूप, डब्यात साठवायला बंदी. तू घोड्यावरून पोचलीस तोवर बाळ गेलं. आता तिला पुन्हा दिवस गेलेत, जुलैत, म्हणजे तुमच्या ऐन हिवाळ्यातच, बाळंत होईल. आल्कोहोल शनिवारीही मिळतं, हे खरं. मग करूच.

निकेलचा मुलामा दिलेला कार्ब्युरेटर बसने पाठवतोय. जुना लावलास तर आल्कोहोल त्याला वाळवीसारखं खाईल. इंधन सोडणारे जेट मोठे घातलेत. नळ्याही नव्या लाव. इंजिनाचं हेड लेथवाल्याकडून घासून घे. टाकीतला इतक्या वर्षांचा गाळ सुटेल, फिल्टर दोन-तीनदा तुंबेल, घाबरू नकोस. सोबत पेट्रोल भरायची छोटी पंपाची बाटली आहे. थंडीत आल्कोहोल सहज पेटत नाही, तेव्हा तिचा पंप दाबून चार थेंब कार्ब्युरेटरच्या तोंडात सोडायचे. एकदा भर आणि विसरून जा.

मी चाळीस गाड्या अशा आल्कोहोलवर बदलल्या, तुझी एकेचाळिसावी. फक्त तो शिमारांवचा कडू पाला गरम पाण्यात घालून दिवसभर नळीने चोखत बसू नकोस, हात चालव.

माया आहेच, तिला गंज चढू देऊ नकोस.
तुझा,
ओनोफ्रे

साओ जोआकिम,
२९ मार्च १९८१

ती. दादास,
दाल्वाचा सा. न. वि. वि.

गाडी झाली! हेड घासायला नेलं तर लेथवाला म्हणाला, हे बाईमाणसाचं काम नव्हे. मी म्हटलं, बाबा रे, तुला या जगात कुणी ओढून काढलं ते आईला विचार. गुपचूप घासून दिलं त्याने.

फिल्टर चारदा तुंबला. बाटली तू म्हणालास तशी भरली. गावाने गाडीचं नाव दारुडी ठेवलंय. धुराला गोडसर वास येतो म्हणून सासूबाई नाक दाबतात आणि पुढच्या सीटवर बसतातही. नेउझा मात्र पोटावर हात ठेवून गाडीकडे बघत राहते.

आणि शिमारांवला पाला म्हणायचं नाही.
तुझी,
दाल्वा

साओ जोआकिम,
२० जुलै १९८१

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल पुन्हा रविवारच होता. उजाडताना नेउझाचा नवरा आदेल्मो घोडा दामटत आला. कुरणभर पांढरं दहिवर गोठलेलं, घोड्याच्या मिशाही पांढऱ्या. टाकी शनिवारी काठोकाठ भरलेली. किल्ली फिरवली. दारुडी नुसती कण्हली. बाटलीचा पंप दाबला, तरी काही नाही. झाकण काढून हुंगलं तर व्हार्निशसारखा वास. मार्चमधलं पेट्रोल, दादा! बसून बसून नासलं होतं.

बॅटरी मंदावत चालली. आदेल्मो पायरीवर मटकन बसला आणि म्हणाला, राहू दे दाल्वाबाई, आमच्या नशिबातच नाही. माझं डोकं फिरलं. म्हटलं, नशीब घाल चुलीत! आणि चूल म्हटल्यावर डोळ्यांसमोर किटली आली.

शिमारांवचं पाणी तयार होतं. बाळासाठी घेतलेलं फलाटिणीचं ऊबदार कापड काढलं, गाडीच्या मागचं इंजिनाचं झाकण उघडून कार्ब्युरेटरखालच्या नळीला गुंडाळलं आणि नळी तापून आल्कोहोलची वाफ व्हावी म्हणून वरून किटली ओतली. सासूबाई ओरडत होत्या की माझा पहिला घोट तरी होऊ दे. दुसरी किटली मात्र त्यांनीच आणून दिली. तिसऱ्या किल्लीला दारुडी खोकली, शिंकली आणि सुरू झाली.

मुलगी झाली. नाळेचे गळ्याला दोन वेढे होते. आणखी दहा मिनिटं गेली असती तर मला पुन्हा तसलंच पत्र लिहावं लागलं असतं. ते फलाटिण धुऊन, चुलीपाशी वाळवून तिलाच गुंडाळलं. अजून त्याला दारुडीचा थोडा वास येतो.
तुझी,
दाल्वा

सेर्ताओझिन्यो,
३० जुलै १९८१

चि. दाल्वास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र इराचीने दोनदा मोठ्याने वाचलं. मी तिसऱ्यांदा एकट्याने वाचलं.

चूक माझी. इकडच्या उन्हात ती बाटली कुणी दाबतच नाही, म्हणून मला वाटलं पेट्रोल म्हणजे मीठ, नासतं कशाला! आता गाडी बदलायला येणाऱ्या प्रत्येकाला बजावतो की दर महिन्याला बाटली रिकामी करून ताजं भरा. थंड मुलखातला असला तर किटलीचंही सांगतो, आणि ही अक्कल आमच्या धाकटीची हेसुद्धा.

त्या पाल्याचं एक पुडकं पाठव. सोबत चोखायची नळीही. तोंड वाकडं करीन, पण पिईन.

नेउझा कशी आहे? मुलगी अंगावर पिते का? नाव काय ठेवलं? बाटलीत ताजं भरलंस का? एकेकाचं उत्तर लवकर लिही. ‘एकदा भर आणि विसरून जा’ असं मी यापुढे कुणालाही सांगणार नाही.

तुझा,
ओनोफ्रेदादा