अन्नपूर्णेच्या पेशी

३ मार्च

पुन्हा तेच! वाढीच्या हार्मोनची नवी बॅच शेजारच्या बाईंच्या टेबलावर सलग तिसऱ्यांदा नापास. हार्मोन घातलं तरी त्यांच्या पेशी ढिम्म! मोठे सर सगळ्यांदेखत म्हणाले, "औषध बरं आहे. हात वाईट आहे."

बाईंची नेमणूक तात्पुरती. पुढे चालू ठेवायची की नाही, ते सरांच्या सहीवर. मुलं मार्गी लागल्यावर पुन्हा प्रयोगशाळेत आलेली बाई. मी तिला अन्नपूर्णा म्हणतो — डबा सगळ्यांना वाटते आणि स्वतः कोरा चहा पिते. ती मला पंडित म्हणते. लहानपणी संस्कृत घोकल्याची जन्मठेप!

६ मार्च

तीच बॅच, त्याच पेशी — माझ्या प्लेटमध्ये भराभर वाढल्या. गप्प बसलो. मौन हा माझा जुना व्यासंग.

७ मार्च

शेवटी विचारलंच. "चाचणीआधी खुराकातलं सीरम काढून पेशी उपाशी ठेवता ना?"

"काढते की." मग खाली बघून — "थोडं ठेवते."

"का?"

"जीव आहे हो त्यांना. रात्रभर उपाशी कसं ठेवायचं?"

आधी हसू आलं. मग आलं नाही. म्हटलं, "अहो, त्या सीरममध्ये बंधक प्रथिन असतं. हार्मोन दिसलं की ते त्याचा हात धरतं. बसा, चहा घेऊन जा! मग ते पेशीच्या दारापर्यंत पोचणार कधी?"

"म्हणजे आमच्या सासूबाईच की!"

दोघांनी मिळून नव्या प्लेटा लावल्या. एकीत नुसतं सीरम. एकीत सीरम आणि नेहमीइतकं हार्मोन. एकीत सीरम आणि भरमसाट हार्मोन. आणि एक माझ्या पद्धतीची — सीरमविना उपाशी, वर नेहमीइतकं हार्मोन.

११ मार्च

निदान बरोबर! माझी उपाशी प्लेट वाढली, भरमसाट हार्मोन घातलेलीही वाढली — धरणाऱ्यांचे हात भरले की उरलेलं सुटतंच. नेहमीइतकं घातलेली अगदीच मंद. नुसत्या सीरमची तर थंडच.

बॅच पास. बाई नापास.

सरांपुढे मांडायला मी चांगलं लांबलचक भाष्य तयार केलं होतं. मंगलाचरणही झालं नाही तोच अन्नपूर्णा म्हणाली, "चूक माझीच आहे, सर." सर म्हणाले, "पेशींना दया नको, शिस्त हवी. उद्यापासून येऊ नका."

एक सुभाषित ओठांवर आलं होतं. गिळलं.

१२ मार्च

सकाळी सामान न्यायला आली. शेजारचं टेबल आता लखलखीत. जाताना म्हणाली, "माझ्या प्लेटा तेवढ्या टाकून द्या हं, पंडित. आणि जेवत जा वेळेवर."

हो म्हणालो. टाकल्या नाहीत. आळस म्हणावं, दुसरं काय!

१४ मार्च

कोरा चहा प्यायलो. काय पितात लोक!

१७ मार्च

प्लेटा टाकायला इनक्युबेटर उघडला. माझ्या उपाशी प्लेटमधल्या पेशी मेलेल्या — सुटं हार्मोन केव्हाच संपलं. नुसत्या सीरमवरच्याही मेलेल्या. म्हणजे हा खाण्याचा प्रताप नव्हे. आणि तिची ती मंद प्लेट — अजून वाढते आहे! धरलेलं हार्मोन टिकलं होतं. थोडं थोडं सुटत होतं.

सरांना हाताला धरून आणलं, मायक्रोस्कोपपुढे बसवलं. बराच वेळ डोळा काढेनात. मग तसंच वाकून म्हणाले,

"बाईंचा नंबर आहे का तुमच्याकडे?"