दोन दारांचं घर

ता. ६ मार्च

दादा,

नमस्कार. तीर्थस्वरूप वगैरे लिहायला घेतलं होतं, पण तुला ते आवडायचं नाही आणि मला ते झेपायचं नाही. तुम्ही सगळे खुशाल असाल. वहिनीची पाठ कशी आहे? आम्ही इकडे ठीक. बाबा मजेत.

या पत्रावरून मी तुझ्याशी बोलायला लागले असं समजू नकोस. आपलं बोलणं बंदच आहे. पण राहतं घर बदललं की सख्ख्या भावाला पत्ता कळवावा, एवढी रीत मला अजून आहे. फोन तू उचलणार नाहीस, आणि चुकून उचललास तर मी भांडेन. म्हणून लिहितेय.

तर आम्ही घर घेतलं. बैठं आहे, कोपऱ्यावरचं. एक दार पुढे, एक मागे. आत-बाहेर कुठे एक पायरी नाही, म्हणून तर घेतलं. पुढच्या खोलीला रस्त्याकडे मोठी खिडकी आहे आणि समोर बस वळते. बाबांना दाखवायला नेलं तर तासभर खिडकीतून हलले नाहीत. खाट कुठे लावायची, उशाकडे काय, औषधांचं टेबल कुठे, सगळं ठरवून आले. परत येताना म्हणाले, "ही खोली माझी बरं का, कोणाला देऊ नका."

पण पत्ता तूर्त दुकानाचाच लिहून ठेव. घर कागदोपत्री आमचं झालंय, पण विकणारे अजून आतच आहेत.

विकणारे म्हणजे एक भाऊ आणि एक बहीण. दोघंही सत्तरीपुढचे. तो शाळेत चित्रकला शिकवायचा, त्याला सगळे मास्तर म्हणतात. ती नर्स होती, ती नर्सबाई. पुढची बाजू तिची, मागची त्याची. मधल्या दाराला कपाट लावलेलं. एकमेकांशी बोलत नाहीत. का, ते विचारलं तर तो म्हणतो घड्याळावरून, ती म्हणते मांजरावरून. शेजारीण म्हणते, दोन्ही खोटं.

ताबा द्यायच्या दिवशी किल्ल्या मागायच्या असतात, हे वकिलाने ह्यांना चार वेळा बजावलं होतं. पण सह्या झाल्या, नर्सबाईंनी डोळ्यांना पदर लावला, आणि आमचे हे विरघळले. "सावकाश निघा, काही घाई नाही," म्हणाले. वकिलाने तिथल्या तिथे कपाळावर हात मारला. घाई कशी नाही? आमच्या भाड्याच्या घराची मुदत त्याच आठवड्यात संपत होती! पण ह्यांना समोर कोणी रडलं की स्वतःचं काही आठवतच नाही. तुला माहीत आहेत हे.

ते सावकाश निघतायत. आम्ही ह्यांच्या सोफ्याच्या दुकानात राहतोय.

हसू नकोस. खाली फोम, काथ्या, खिळे आणि गिऱ्हाइकांचे उघडे पडलेले सोफे. वर माळा. तुझी भाची चिमणी मजेत आहे, तिला रोज नवा पलंग. परवा एका बाईने आपला सोफा नेला तर ही फुरंगटून बसली, माझा बिछाना नेला म्हणून. मी कव्हरं शिवता शिवता स्वयंपाक करते, भाजीत दोरा निघतो. बाबांना माळ्यावर ठेवलंय, तिथे वारा असतो. जरा खोकतात, पण ते तर नेहमीचंच.

पुढच्या आठवड्यात घर मिळेल. मिळालं की पक्का पत्ता कळवते. बोलण्यासाठी नाही, कळवण्यासाठी.

धाकटी

०

ता. २१ मार्च

दादा,

तुझं उत्तर आलं नाही, येईल असं वाटलंही नव्हतं. वहिनीचा निरोप मात्र आला, पाठ बरी आहे म्हणून. बरं वाटलं.

घर अजून मिळालेलं नाही. पण का मिळत नाही ते कळलंय, आणि ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये. तुझ्याखेरीज हे ऐकून कोणाला हसू येईल असं माणूस इथे नाही. ह्यांचं हसणं सध्या बंद आहे.

आम्हाला वाटत होतं, त्या दोघांना जायला जागा नसेल. तसं काही नाही! मास्तरांची पुतण्याकडे सोय झालीय. नर्सबाईंना निवृत्त नर्सांच्या वसतिगृहात खोली मिळालीय, पडदेसुद्धा लावून झालेत. दोघांचंही सामान बांधून तयार आहे. दोघंही आपापल्या बाजूला बोचक्यांवर बसून असतात. भांडी बांधून टाकली, म्हणून एकाच पातेल्यात चहा आणि भात. अडलंय ते एवढ्यावर, की आधी कोण निघणार.

त्यांच्या त्या भांडणात कधीतरी एकाने दुसऱ्याला म्हटलं होतं, "या घरातून माझ्याआधी तूच बाहेर पडशील." कोण म्हणालं, तेही आता दोघांना नक्की सांगता येत नाही. पण तेव्हापासून जो आधी पाऊल बाहेर टाकेल तो हरला. घर विकायला दोघांची ना नव्हती. एका टेबलाशी बसून, एका पेनाने सह्या केल्या. हरायला मात्र कोणी तयार नाही.

मी तिकडे गेले की माझाच टपालवाला होतो. नर्सबाई म्हणतात, त्यांना सांगा, पुतण्या वाट बघतोय. घराला वळसा घालून मागे जावं तर मास्तर म्हणतात, तिला सांगा, वसतिगृहात खोली अडवून ठेवणं बरं नव्हे. दोघं एकमेकांना ऐकू जातील एवढ्या मोठ्याने मला सांगतात, आणि तरी मला तेच पुन्हा कपाटापलीकडे जाऊन सांगावं लागतं. मी रागावले तर नर्सबाई मायेने पाठीवरून हात फिरवतात. आपल्याच घरात आपल्याला कोणी समजावतंय, हे कसं वाटतं ते काय सांगू तुला!

वकील म्हणतो, नोटीस द्या, मग दावा लावा, मग बघू. पोलिसांकडे गेलो तर त्यांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाले, म्हातारी माणसं आहेत, तुम्हीच सांभाळून घ्या. ह्यांनी दोघांपुढे हात जोडले. दोघंही म्हणाले, आमची काहीच हरकत नाही, दुसरं माणूस निघालं की निघतोच.

शेवटी मीच तोडगा काढला. घराला दारं दोन आहेत ना? एकाच वेळी दोघांनी दोन दारांतून निघायचं. आधी कोणी नाही, नंतर कोणी नाही. पटलं की रे दोघांना! दोन टेम्पो ठरवले. पुढच्या दाराशी मी, मागच्या दाराशी हे. मी टाळी वाजवायची आणि दोघांनी पाऊल टाकायचं.

टाळी वाजली. नर्सबाई निघाल्या. पिशवी हातात, फाटकापर्यंत नीट गेल्या. आणि तिथे थांबल्या. समोरचा निघाला की नाही याची खात्री कशी करणार? वळून घराच्या कडेने मागे बघायला गेल्या. तोवर मास्तरही त्याच शंकेने पुढे बघायला निघाले होते. कोपऱ्यावर समोरासमोर आले. एकमेकांकडे पाहिलं. आणि दोघंही गपचूप आपापल्या दाराने आत गेले.

टेम्पोवाले हसत होते. मीही हसले असते, पण तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला आणि आम्हाला दुकानात धावावं लागलं.

बाबा बरे आहेत. सध्या चालत नाहीत एवढंच.

आता थांबते, गिऱ्हाईक आलंय.

धाकटी

०

ता. २ एप्रिल

दादा,

गिऱ्हाईक आलेलं नव्हतं. पुढे काय लिहावं ते सुचेना, म्हणून थांबले होते.

बाबा पडले. त्या टेम्पोच्या दिवशीच. सकाळपासून आपलं गाठोडं बांधून माळ्यावर बसले होते, कपडे, चष्म्याची पेटी, आईचा फोटो. मी सांगितलं होतं, घर मोकळं झालं की न्यायला येते, तोवर हलू नका. माळ्याला जिना नाही दादा, शिडी आहे. मागच्या पत्रात मी नुसतं वारा असतो म्हणाले. रस्त्यावर कोणत्या तरी गाडीचा हॉर्न वाजला, त्यांना वाटलं आपलीच गाडी आली, आणि एका हातात गाठोडं घेऊन ते शिडी उतरायला लागले. चिमणी खाली सोफ्यावर अभ्यास करत होती, तिने पाहिलं. तिने फोन केला.

मांडीचं हाड मोडलंय. शस्त्रक्रिया झाली, चांगली झाली म्हणतात. सध्या शुश्रूषागृहात आहेत. मी दिवसभर तिथे असते, कव्हरं तिथेच बाकावर बसून शिवते. बाबांना धरून उठवायला दोन माणसं लागतात आणि अजून बरेच दिवस लागतील. तिथली मुख्य बाई शनिवारी खाट मोकळी करायला सांगतेय. रांगेत माणसं आहेत. मी तिला म्हटलं, थोडं सावकाश घ्या. म्हणताना माझी मलाच शरम वाटली.

काल त्या घरी गेले. म्हटलं आता भांडणच करायचं, सामान उचलून रस्त्यावर फेकायचं. दारातच रडायला लागले. सगळं सांगितलं. दोघांनी ऐकलं, ती दारात उभी, तो कपाटामागे. दोघंही कळवळले रे, खोटं नाही सांगत. नर्सबाई म्हणाल्या, आणा त्यांना इथे, मी आयुष्यभर हेच केलंय, त्या खिडकीपाशी खाट लावू. मला क्षणभर वाटलं, सुटलो. माझंच घर मला वापरायला देत होत्या, तरी मी त्यांचे पाय धरले.

मग कपाटामागून मास्तर म्हणाले, अवश्य आणा, पण खाट माझ्या बाजूला. न्हाणीघर मागे आहे, तिच्या बाजूने रुग्णाला ने-आण करायला मी वाट देणार नाही. तर ही म्हणते, स्वयंपाकघर माझ्याकडे आहे, तिकडे ठेवलंत तर पेजेची वाटी माझ्या हातून जायची नाही. मी मध्ये उभी. अर्धा तास माझ्याच घरात माझ्याच बापाची खाट कुठे ठेवायची यावर ते दोघं माझ्याकरवी भांडत होते, आणि मी या कानाचं त्या कानाला सांगत होते. शेवटी मी बाहेर येऊन फाटकाशी खाली बसले. समोर बस वळत होती. बाबा सांगतात ते खरंय, त्या खिडकीतून ती फार छान दिसत असणार.

संध्याकाळी बाबांना हे सगळं सांगितलं. त्यांच्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलंय, लपवायला आता जागाच नाही. दोन दारांची गोष्ट ऐकून ते हसले. पडल्यापासून पहिल्यांदाच. हसताना दुखतं, म्हणून मांडी धरून हसले. मग छताकडे बघत म्हणाले,

"आणि तुमच्या दोघांत आधी कोण?"

मी त्यांचं पांघरूण नीट करायला लागले. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

दादा, तुला आठवतंय. आई गेल्यावर मी बाबांना न्यायला आले होते. तू म्हणत होतास त्यांना इथेच राहू दे, मी ऐकलं नाही. बाबा पिशवी घेऊन तुझ्या दारात उभे होते, एकदा तुझ्याकडे बघत, एकदा माझ्याकडे. तू म्हणालास, "ने. पण परत आणायचं झालं तर तुला तोंडाने मागावं लागेल." आणि मी म्हणाले, मरेन पण मागणार नाही.

मला अजूनही वाटतं, चूक तुझी होती. असं बापाच्या देखत बोलायचं नसतं. आणि मी काही बाबांना हौसेने माळ्यावर ठेवलं नाही, तूही तसं कधी म्हणू नकोस, मला सहन व्हायचं नाही. आपण हे नंतर कधी भांडू. हवं तर रोज भांडू. पण मी त्या दोघांना कोपऱ्यावर समोरासमोर उभं राहिलेलं पाहिलंय. तोंडं कशी होती, माहितेय? दोघांनाही जायचं होतं. नुसतं कोणीतरी 'चल' म्हणायला हवं होतं.

तुझी खालची खोली रिकामी आहे, वहिनीने निरोपात सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस. तिथे पायरी नाही. न्हाणीघर लागून आहे. घर मोकळं कधी होईल ते वकिलाला माहीत नाही, पोलिसांना माहीत नाही, मला तर नाहीच नाही. माझ्या हातात आता काहीही उरलेलं नाही, एक ही गोष्ट सोडून.

बाबांना तुझ्याकडे ने, दादा. मागतेय. तोंडानेही मागेन, तू शनिवारी ये, मी शुश्रूषागृहाच्या दारात उभी असेन, तिथे सगळ्यांच्या देखत मागेन. गाठोडं मी पुन्हा बांधून ठेवलंय. त्यात घालायचं काही राहिलेलं नाही.

बाबांना मी अजून काही बोललेले नाही. तू आलास की तेच विचारतील, आधी कोण म्हणून. त्यांना सांग.

आधी निघालेली,
तुझी धाकटी