जहाजावरचं दुसरं माणूस

प्रिय भिंगरी,

पेन्सिलीने लिहिते आहे म्हणून नाक मुरडू नकोस. टाकाचं निब पोलादी असतं, आणि पोलाद या जहाजावर चालत नाही. अक्षर फिकट वाटलं तर खिडकीशी जाऊन वाच. आईने पाणीवाल्याबरोबर निरोप धाडला आहे की आमच्या शेजारच्या जहाजावरच्या रखवालदाराचं स्थळ तुला सांगून आलंय, तू हो-नाही काहीच बोलत नाहीस, तेव्हा जहाजावरचा संसार कसा असतो ते ताईने स्वतःच्या हाताने लिहावं. म्हणजे तुझं मन वळेल. तू माझं ऐकतेस असा तिचा अजून समज आहे. माझ्या आठवणीत तू माझं एकदाच ऐकलंस, तेही अंगात ताप होता म्हणून. तरी लिहिते. आई समोर बसली असेल तर मोठ्याने वाच, आणि मध्ये थांबून तिच्या तोंडाकडे बघू नकोस.

आठवतं ना, माझं स्थळ घेऊन आत्या आली होती ती दारातूनच म्हणाली, मुलगा सरकारी दारूवर असतो. बाबा ताडकन उठले, चपला पायात सरकवल्या आणि आत्याला बाहेरचा रस्ता दाखवायला निघाले. मग ती उंबऱ्यात उभी राहून सांगत बसली की बाबा रे, ही प्यायची नव्हे, बंदुकीची दारू. बंदरात येणाऱ्या प्रत्येक जहाजाने आपली दारू आधी या जहाजावर उतरवायची आणि परत जाताना घेऊन जायची, नाहीतर एका ठिणगीने अख्खा गाव उडेल. मग बाबांनाच हसू आवरेना. त्यानंतर जो भेटेल त्याला ते सांगत सुटले, आमचा जावई गळ्यापर्यंत दारूत बुडालेला आहे, पण माणूस सज्जन.

आणि सज्जन आहेतच तुझे भावोजी. बोलतात कमी, पण मी काही मागायच्या आत त्यांच्या लक्षात येतं. लोखंड बंद म्हणून माझ्या केसांतल्या पिना पहिल्याच दिवशी बंदराच्या साहेबाने काढून घेतल्या, तर यांनी मला लाकडाचे आकडे कोरून दिले. एकेकाला टोकाशी पान कोरलंय. आम्ही जहाजावर कापडी जोडे घालतो, पिंपं सरकवायची तर गोधडीवरून सरकवतो. नियमांची पाटी आमच्या खोलीच्या दारावर तांब्याच्या खिळ्यांनी ठोकली आहे. वर साहेबाच्या भाषेत, खाली आपल्या, पण ती आपली भाषाही साहेबाचे बूट घालून चालल्यासारखी. विस्तव नाही, विडी नाही, दिवा नाही. आगबोटीने आमच्या जवळपासही फिरकायचं नाही. मी एकदा चिडून म्हटलं की आग लागो या पाटीला, तर भावोजी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, असं बोलायलाही साहेबाची परवानगी लागते.

आई लग्नात सगळ्यांना सांगत होती, माझ्या पोरीला सासू नाही, जाऊ नाही, पहिल्या दिवसापासून वेगळी चूल. वेगळं सगळं मिळालं, चूल तेवढी मिळाली नाही. जेवण किनाऱ्यावरून होडीने येतं, ते गार. अंघोळ गार, भात गार, आजारपणातलं पाणीसुद्धा गार. सूर्य बुडाला की आम्ही आडवे होतो. आपलं घर आहे त्या चढावर संध्याकाळी धूर निघू लागतो, त्यातला आपला कुठला ते मला कळतं. आई लाकडं ओली लावते, आपला धूर सगळ्यांत जास्त काळा. सवय होते म्हणा. सरकारी छप्पर आहे, नवऱ्याला पुढे पेन्शन आहे, आणि समुद्रावरची हवा लोक पैसे मोजून खायला जातात.

आईला वाचून दाखवायचं ते इथे संपलं. बाकी सर्व क्षेम असं म्हण, कागदाची घडी घाल आणि पुढचं गच्चीवर जाऊन वाच. तिला अक्षरं येत नसली तरी तुझा चेहरा वाचता येतो.

पाटीवरचा एक नियम मी वर गाळला. जहाजावर अहोरात्र दोन प्रौढ माणसे हजर असावीत, एकास काही झाल्यास दुसऱ्याने इशाऱ्याचा बावटा चढवावा. नवी नवरी होते तेव्हा तो वाचून मला वाटलं, आणखी एक रखवालदार असेल, रजेवर गेला असेल. मी त्याच्यासाठी ताट घासून ठेवत असे. त्याची वळकटी कुठे टाकायची, आमच्या दोघांत तो परका माणूस म्हणून मी पडदा कसा लावायचा, याचा विचार करत असे. शेवटी एकदा विचारलंच, की दुसरा येणार तरी कधी. भावोजी दोर वळत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “अगं, तो दुसरा म्हणजे तूच.”

मला आधी हसू आलं. सरकारने मला कामावर ठेवलं आणि मलाच सांगायचं विसरलं. मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. भावोजींना महिन्याकाठी रजा मिळते, तेव्हा कचेरी बदली माणूस धाडते, एक म्हातारा, तो येतो आणि दिवसभर घोरतो. माझ्यासाठी रजा मागितली तर कचेरीचं उत्तर आलं की सदर स्त्री सरकारी नोकर नसल्याने तिच्या रजेचा प्रश्न उद्भवत नाही. म्हणजे मी नोकर नाही म्हणून मला रजा नाही, आणि दुसरं माणूस आहे म्हणून मला जाता येत नाही. पाहुण्यांना इथे बंदी. तुम्हाला वाटतं ताई संसारात रमली, माहेर विसरली. चार वर्षं झाली भिंगरी, लग्नानंतर मी जमिनीवर पाय ठेवलेला नाही. कधीकधी सकाळी उठल्यावर मला खोलीच्या भिंती अंगावर येतात आणि मी उगाच वर जाऊन उभी राहते. वर गेलं तरी तेच जहाज.

बाबा गेले त्या दिवशी समुद्र खवळला नव्हता. खवळला होता म्हणून ताई आली नाही, असं आईला पाणीवाल्याने आपल्या मनाने सांगितलं, तिला बरं वाटावं म्हणून. पाणी इतकं शांत होतं की त्यात दारूच्या जहाजावर कायम असतो त्या लाल बावट्याचं प्रतिबिंब दिसत होतं. भावोजी म्हणाले, तू जा, मी बघतो काय ते. मी अर्धी शिडी उतरले, होडीवाल्याने हात पुढे केला. पण दुसरं माणूस जागेवर नसलं तर पहिल्याला तुरुंग, हेही पाटीवर आहे. मी परत वर आले. बंदराच्या रस्त्याने तुम्ही बाबांना घेऊन निघालात ते मला कठड्याशी उभं राहून दिसलं. सगळ्यांच्या मागे कुणीतरी रेंगाळत चाललं होतं. तू कधी कुणाच्या मागे राहत नाहीस, म्हणून आधी तुला ओळखलंच नाही. त्यानंतर तू मला एक ओळ लिहिली नाहीस. मी तुझ्या जागी असते तर मीही लिहिली नसती.

आता त्या शेजारच्या जहाजाबद्दल. ते आमच्यापासून लांब नांगरलेलं आहे, एक उडालं तरी दुसरं वाचावं एवढं लांब. हाक पोचत नाही, आणि एका दारूच्या जहाजावरून दुसऱ्यावर होडी नेता येत नाही. तिथे त्या रखवालदाराची आई असायची. ती रोज सकाळी कठड्याशी येऊन एक पांढरं फडकं हलवायची, मी माझं हलवायचे. तिचा चेहरा मी कधी पाहिला नाही, तिचा आवाज ऐकला नाही, तरी या पाण्यावर माझी म्हणावी अशी तेवढी एकच बाई होती. गेल्या महिन्यात एका सकाळी फडकं हललं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग बंदराची होडी आली आणि तिला घेऊन गेली. मुलाबरोबर ती जहाजावर चढली होती, ती जमिनीवर उतरली ती अशी.

साहेबाने त्याला बजावलं आहे, महिन्याच्या आत दुसरं माणूस आण, नाहीतर जहाज सोड. आठवडाभरात आपल्या दारी स्थळ आलं. तो माणूस वाईट नाही, त्याची नोकरी जाते आहे आणि तो घाबरला आहे. पण त्याला बायको नको आहे गं, पाटीला माणूस हवं आहे. काल मी तुला दुसरंच पत्र लिहिलं होतं. ये म्हणून. तू आलीस तर रोज सकाळी समोर फडकं हलेल आणि ते तुझं असेल, या एका विचाराने मी रात्रभर झोपले नाही, इतका मला आनंद झाला होता. सकाळी कठड्याशी गेले, समोरच्या जहाजाच्या रिकाम्या कठड्याकडे बघितलं आणि ते पत्र फाडून पाण्यात टाकलं. येऊ नकोस, भिंगरी. आई रडेल, आत्या रुसेल, रुसू दे. तुला नाही म्हणता येत नसेल तर माझ्या नावावर घाल, ताईचा स्वभाव तुसडा आहे, तिला शेजारी मी नको, असं सांग. नाही म्हणालीस की आपल्या मागच्या खिडकीत कंदील ठेव, तो इथून दिसतो. मला उत्तराला दिवा लावता यायचा नाही. मी अंधारातच फडकं हलवीन. तुला दिसणार नाही, पण मी हलवीन.

तुझीच,
ताई